लूमच्या घरातलं गाणं

आमच्या गाण्याला गल्लीत कुणीच नावं ठेवली नाहीत, तिथेच खरं तर मला शंका यायला हवी होती. आमची गल्ली कौतुकाच्या बाबतीत पहिल्यापासून हात आखडून. कुणाकडे नवा फ्रीज आला, तरी "उन्हाळ्यात बर्फ जमतो का, मंग पाहू" असं म्हणून बायका उंबऱ्यातूनच परतायच्या. अशा गल्लीनं वंदीचं आणि माझं गाणं ऐकून एकमुखानं "एकदम साफ वाजू राहिलं" म्हणावं, म्हणजे केवढी गोष्ट! त्या वयात माणूस कौतुकाची उलटतपासणी करत बसत नाही. मीही केली नाही. वंदीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, हात धरून घरभर गिरक्या घेतल्या, आणि इंदूरला जायचं नक्की केलं.

आमचं घर म्हणजे खाली कारखाना आणि वर आम्ही. बऱ्हाणपुरात आमच्या भागात पॉवरलूमच्या शेडला कारखानाच म्हणतात, मग त्यात दोनच लूम का असेनात. डाव्या भिंतीला लागून अन्सारी चाचांचा कारखाना, उजवीकडे आप्पांच्या चुलत भावाचा, समोर आणखी कुणाकुणाचे. आप्पा जातीनं साळी. आजोबांपर्यंत हातमाग होता, आप्पांच्या हाती लूम आले. लूम चालू असले की वर फडताळातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून थरथरायच्या, पिंपातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठायच्या, आणि जमिनीवर पाठ टेकली की तो खटका सरळ बरगड्यांत शिरायचा. आई सांगायची, मी पाळण्यात असताना वीज गेली की दचकून रडत उठायचे आणि लूम सुरू झाले की पुन्हा झोपायचे. ही गोष्ट ती पाहुण्यांना मोठ्या हौसेनं सांगायची. पाहुणे हसायचे, मीही हसायचे. आता ती गोष्ट आठवली की मला हसू येत नाही; पाळण्यातल्या त्या पोरीला उचलून कुठेतरी लांब न्यावंसं वाटतं.

घरात बोलणं कमी आणि हातवारे जास्त. तळहातावर तळहात थापला की भाकरी झाली, मनगट गोल फिरवलं की धोट्याच्या कांड्यांवर सूत भरायला ये, नाकाशी बोट नेलं की आप्पा रागात आहेत. आप्पांना जेवायला बोलवायचं तर आई जिन्याजवळचं बटण दाबून खालचा बल्ब उघडझाप करायची. मग आप्पा आणि सलीमभाई, आमचे कारागीर, अंगावरची कापसाची कुसं झटकत वर यायचे. आईच्या हातची कळण्याची भाकरी, ठेचा, तेल सुटलेलं भरीत, आणि महिन्याच्या एखाद्या रविवारी चौकातली मावा जिलबी, काळीभोर आणि जड. आम्ही सगळे ओरडून बोलायचो. नात्यातल्या लग्नात गेलो आणि पंगतीत कुणी नुसतं "मीठ सरकव" म्हटलं, तरी चार माना वळायच्या. "तुमच्या घरचे भांडू राहिले का हो?" असं एकदा वरमाईनं येऊन विचारलं होतं. आम्हाला त्याचीसुद्धा ऐट वाटायची. लूमवाल्यांचा आवाज असाच असतो, असं आम्ही छातीठोक सांगायचो.

वंदी माझ्याहून बरीच लहान, तेव्हा अकरावीत. तिचा गळा कुणाकडून आला, हे आमच्या घरात कुणाला सांगता येत नसे. आईला कानबाईच्या उत्सवातली गाणी पाठ होती, पण तिचा आवाज फाटका. वंदी मात्र ती गाणी एकदा ऐकायची आणि अशी काही उचलायची, की आई हातातली कांडी तशीच धरून बसून राहायची. लूमच्या आवाजाच्या वर सूर चढवून गायची सवय असल्यामुळे तिचा आवाज तापी पार करील इतका खणखणीत होता. मला गळा नव्हता. मला नाद होता तो आवाजांचा. परात पडली की ती कुठल्या सुरात पडली, हे मी मनात घोळवत राहायचे. बी.कॉम. झाल्यावर मी गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले होते. त्यांनी नवी यंत्रं घेतली, तेव्हा अडगळीतलं एक जुनं मला घरी नेऊ दिलं. त्यासोबत एक सीडी होती, कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली. तिच्यात आवाज कापायचं, ताणायचं, एकावर एक रचायचं सॉफ्टवेअर होतं. वाद्यं आमच्याकडे एकही नव्हतं आणि आणायची ऐपतही नव्हती. मी वंदीला म्हटलं, "तू गाय. बाकीचं सगळं मी घरातून काढते."

पण घरातून आवाज काढायचा म्हणजे आधी घर गप्प बसलं पाहिजे. वीज असली की चारी बाजूंनी लूम. माईक समोर धरला की त्यात दुसरं काही शिरायचंच नाही. वीज गेली की गल्ली एकदम निपचित पडायची, पण मग कॉम्प्युटरही बंद. ही आमची रोजची थट्टा होती, नशिबानं केलेली. त्यातून मार्ग काढला तो वंदीनं. आप्पांचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. भारनियमन सुरू झालं की आम्ही दोघी तो घेऊन उठायचो आणि मिळेल तो आवाज कॅसेटवर धरायचो. वीज आली की त्याची वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खोचून तो आत ओतायचो. आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी, आमच्यासाठी दिवाळी असायची. नमाजाच्या वेळेला अन्सारी चाचांचे लूम थांबायचे, सलीमभाई टोपी घालून निघून जायचे, आप्पाही मग आपले लूम बंद करून आडवे व्हायचे. वीज चालू आणि गल्ली शांत! वंदी सगळी गाणी जुम्म्याच्या दुपारी गायली. सहामाही परीक्षेच्या शुक्रवारीसुद्धा ती पेपर देऊन धापा टाकत आली होती.

त्या एका वर्षाइतकी मी आयुष्यात कधीच सुखी नव्हते. दापोऱ्याला मामांची केळीची बाग होती. तिथे घड उतरवल्यावर तोडून टाकलेल्या केळीच्या खांबावर मी हात आपटला आणि त्यातून जो पाणीदार, पोकळ धप्प आवाज आला, तो ऐकून मी मामांना मिठीच मारायची राहिले होते. तो निम्म्या गतीनं लावला की छातीत घुमणारा ढोल व्हायचा. धोट्याचं लोखंडी टोक फरशीवर सोडलं की घंटी. चाळणीत ज्वारी घोळवली की खुळखुळा. लूमचा दोरा मेण लावून पत्र्याच्या डब्यावर ताणला आणि नखानं छेडला की एकतारीसारखं काहीतरी, पण जरा रडकं. तेच मला आवडायचं. परातीचा ठणका उलटा करून लावला की आवाज दुरून धावत आल्यासारखा यायचा आणि आपल्यापाशी येऊन थबकायचा. वंदी म्हणायची, "ताई, हा तर कोणी भेटायला आला आन् दारातच थांबला असा वाजू राहिला." मी तो आवाज तिच्या कडव्याच्या आधी ठेवला. गाणं आमचंच होतं, माहेरी पोचून दार वाजवणाऱ्या आणि आत कुणाला ऐकू न जाणाऱ्या एका बाईचं. शब्द दोघींनी मिळून जुळवले होते. आज मी ते शब्द उच्चारत नाही, आणि इथे लिहिणारही नाही.

सगळ्यात जिकिरीचं काम जिलबीचं. चौकातल्या हलवायाच्या कढईत जिलबीचा वेढा पडला की तूप जे चरचरतं, त्याचे बारीक तुकडे करून मला ते झांजेच्या जागी हवे होते. हलवाई भला माणूस. त्यानं टेप कढईजवळ ठेवू दिला. घरी येऊन लावलं तर मला ते चरचरणं फार पुसट वाटायचं. मी ट्रेबल वाढवला. तरी पुसटच. आणखी वाढवला. मग त्याच तुकड्यांच्या दोन प्रती एकमेकींवर चढवल्या, त्यांची धार काढली, पुन्हा वाढवलं, तेव्हा कुठे मला हवं तसं सळसळायला लागलं. मग घंटीचंही तसंच केलं, मग वंदीच्या आवाजाचंही. मला वाटायचं, आपल्या हाती आवाज घडवायची कला आली. आणि त्यात नवल काय? आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या टेपचं ट्रेबलचं बटण टोकाला नेऊन ठेवलेलं असायचं, इतकं की काही टेपांवर ते तिथेच गंजून बसलं होतं. बेस कुणाला नको असायचा. तो लूम देत होते.

गाणं पुरं झाल्यावर नवरात्रात ते मांडवातल्या स्पीकरवर लावलं. अन्सारी चाची खिडकीत येऊन उभ्या राहिल्या, सलीमभाईंनी बोटं तोंडाशी नेऊन वाहवा केली, आप्पांनी पहिल्यांदा चारचौघांत माझ्या डोक्यावर हात ठेवला. एकटी दापोऱ्याची मामी, सणाला आलेली, पदर कानाशी धरून आत निघून गेली. "डोकं दुखू राहिलं वं माय," म्हणाली. आई नंतर हळूच, म्हणजे आमच्या मानानं हळूच, म्हणाली, "जळते ती. तिच्या पोरी मुक्या बाहुल्या." आम्ही मामीला मनसोक्त हसून घेतलं.

इंदूरला खरे म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचा घरातच छोटासा स्टुडिओ होता, आणि खानदेशी गाण्यांच्या सीडी काढणाऱ्यांसाठी ते गाणी निवडून द्यायचे. मामांच्या शेजारच्या मळेवाल्याशी त्यांचं नातं होतं. त्या ओळखीनं वेळ मिळाली. वंदीची परीक्षा होती, आणि दोन्ही पोरी एकदम पाठवायला आप्पा तयार नव्हते, म्हणून मामा आणि मीच बसनं गेलो. वंदीनं जाताना बजावलं होतं, "माझं नाव सांगजो बरं का. वंदना सांग, वंदी नाही." गाण्याची सीडी मी पदराखाली धरून बसले होते. आई तिला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधणार होती, तो मी बांधू दिला नाही.

खऱ्यांच्या त्या खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा मला भीती वाटली ती शांततेची. भिंतींना जाड गाद्या, दार लावलं की बाहेरचं काहीच नाही. माझ्या कानात आपोआप एक शिट्टी सुरू झाली. ती मला ओळखीची होती. वीज गेली की ती नेहमीच यायची, आणि मला वाटायचं शांतता सगळ्यांनाच अशी ऐकू येते. खऱ्यांनी सीडी लावली. सुरुवातीला नुसता केळीचा ढोल होता. खरे पुढे वाकले. "हे काय आहे? हा ढोल मी कधी ऐकलेला नाही."

"केळीचा खांब आहे," मी म्हटलं.

"केळीचा?" ते खुर्चीत हसायलाच लागले, अगदी मनापासून. मग परात आली, धावत येऊन थबकली, आणि त्यांनी मामांकडे पाहून मान हलवली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वर चढलेली पायरी ती. तिथून पुढे जिलबी सुरू झाली, वंदीनं तोंड उघडलं, आणि खऱ्यांचा हात झपकन बटणावर गेला. त्यांनी आवाज तोडला. चेहरा असा केला होता, जसा दातात खडा आला की होतो. मी मामांकडे पाहिलं. मामांनीही मान खांद्यात घेतली होती.

"अगं बाई, काय हे," खरे म्हणाले. "सुया टोचतायत कानात. इतकं वर का नेलंस? तुला लागत नाही?"

मला कळेना ते काय विचारतायत. मी म्हटलं, "साफ यावं म्हणून केलं." त्यांनी पुन्हा थोडं लावलं, बटणं फिरवली, कमी केलं, आणखी कमी केलं, आणि "आता बघ, आता जागेवर आलं" म्हणाले. माझ्या कानी जे आलं त्यात जिलबी नव्हतीच. घंटी नव्हती. वंदी रजईखालून गात होती. मी तसं सांगितलं. खऱ्यांनी बटणावरचा हात काढून घेतला. मग त्यांनी विचारलं, "राहता कुठे तुम्ही? म्हणजे घर कसल्या भागात आहे?" मामांनी सांगितलं, "लूमवाले आहेत. खाली लूम, वर घर."

खरे उठले. त्यांनी मला स्पीकरच्या समोर खुर्चीत बसवलं, आणि म्हणाले, एक बारीक आवाज वरच्या पट्टीतून खाली आणतो, ऐकू आला की हात वर कर. मी हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यावर आकडा उतरत होता. मला वाटलं यंत्र सुरू व्हायला वेळ लागतोय. एवढ्यात मागून मामा कळवळून म्हणाले, "अहो, बंद करा ना ते, दात शिवशिवू राहिले माझे." मी वळून पाहिलं तर मामांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. मी त्यांना विचारलं, "काय झालं मामा?" आणि विचारता विचारता माझं मलाच कळलं. पन्नाशी ओलांडलेले, उन्हातान्हात बागेला पाणी देणारे माझे मामा एक आवाज ऐकून कळवळत होते, आणि त्याच खोलीत, त्याच आवाजासमोर, मी काहीतरी सुरू होण्याची वाट बघत होते. आकडा उतरत राहिला. खूप खाली आल्यावर माझा हात वर गेला. तो वर करताना मला जी लाज वाटली, ती काही चूक केल्याची नव्हती. भर रस्त्यात पदर सुटल्यासारखी होती.

खरे चांगले होते. त्यांनी पाणी दिलं, गोड बोलले, आणि खोटं काही बोलले नाहीत. वरचे आवाज गेले की परत येत नाहीत, म्हणाले. पुढे डॉक्टरांनीही वेगळं काही सांगितलं नाही, फक्त त्याला मोठं नाव दिलं. आज माझ्या दोन्ही कानांमागे यंत्रं आहेत. ती लावली की कागद चुरगळल्याचा आवाज येतो, चप्पल घासल्याचा येतो. ते आवाज कसे असायला हवेत, हे मला कशाशी ताडूनच पाहता येत नाही. त्या दिवशी मात्र मनात एकच विचार फिरत होता. मी वर्षभर जे घर बांधलं, त्याचा वरचा मजला मी न बघताच बांधत गेले होते. मला जे पुसट होतं, ते जगाला पुसट नव्हतंच.

निघताना खरे म्हणाले, "आवाज शोधायची तुझी नजर, म्हणजे कान म्हणू की काय म्हणू, पण ती अस्सल आहे. हे गाणं मला हवंय. एक कर. घरात ज्याचे कान शाबूत आहेत असं कुणीतरी शेजारी बसव. तो सांगेल तसं कमी-जास्त कर आणि घेऊन ये. मी थांबतो." त्या एवढ्याशा वाक्याला धरून मी बसमध्ये बसले. असीरगढ मागे पडलं. मग मामा म्हणाले, "तुही मामी कवाची सांगू राहिली होती. तुम्ही दोघी सुट्टीत यायच्या, संध्याकाळी ओट्यावर बसायच्या. मामी म्हणे, रातकिड्यानं डोकं उठवलं. तुम्ही म्हणायच्या, कुठी आहे किडे? आम्हाले वाटे, पोरी मस्करी करतात." दोघी, असं मामा म्हणाले होते. मी ते ऐकलं, आणि ऐकून बाजूला ठेवलं.

घरी सगळे वाट बघत होते. आईनं पानं वाढली. लूम थांबवून आप्पा वर आले, आणि मी सांगितलं. सांगताना मला रडू येत होतं, आणि ओरडून सांगावं लागत होतं, कारण समोरच्यांचे अजून चालू होते. रडणं आणि ओरडणं एकदम करून बघा कधी. आप्पांनी दोनदा ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "येवढंच ना? मले वाटलं गानं पडलं."

"आप्पा, माझे कान गेले."

"कान कुठी जातात बापा? मी बोलू राहिलो ते येऊ राहिलं ना तुले? बस मंग." आई म्हणाली, "आपल्याकडे सगळ्यायचंच असं. तुह्या आजीले तर ढोल बी येत नसे. काही अडलं का तिचं? भाकर खाय." तिनं माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. त्यांच्यावर मी त्या वेळी इतकी चिडले की ताट सरकवून उठले. वाईट वाटायचं असतं ते गेलेल्या वस्तूबद्दल, आणि त्यांना ती वस्तू होती हेच ठाऊक नव्हतं. माझ्याबरोबर रडायला त्या घरात कुणी नव्हतं. एकटी वंदी हात न धुता माझ्यामागे आली.

"शाबूत कानाचं कोणी पायजे ना?" ती म्हणाली. "मी आहे ना ताई. मले सगळं येतं ऐकू. मी सांगीन तुले, कुठी कमी, कुठी जास्त. तू कर."

मी तिच्याकडे पाहिलं. सोळा-सतरा वर्षांची पोर. शाळेत जाते, दिवसभर बाहेर असते. माझ्यासारखी दुपारभर कांड्या भरत कारखान्यात बसलेली नाही. आईनं मला लहानपणी खाली पाळण्यात ठेवलं होतं. वंदीच्या वेळी आजी होती, तिला वर ठेवायची. असे सगळे हिशेब मी मनाशी मांडले आणि प्रत्येकाचं उत्तर मला हवं तेच आलं. वंदीचे कान असतील तर गाणं वाचेल. गाणं वाचलं तर वंदी या घरातून निघेल. आता मला तेवढंच हवं होतं, माझ्यासाठी काहीच नको होतं. पण आधी तपासून घ्यायचं ठरवलं. खऱ्यांनी केलं तसं करणारी सोय माझ्याही सॉफ्टवेअरमध्ये होती. मला तिचं कधी कारण पडलं नव्हतं.

शुक्रवारी लूम थांबले. सलीमभाई गेले, आप्पा आडवे झाले. वंदी खाटेवर मांडी घालून बसली. मी तिच्या कानांवर हेडफोन नीट बसवला, केस मागे केले. "डोळे मीट," मी म्हटलं. "आवाज येतोय तोवर बोट वर ठेव. थांबला की खाली कर. खालून वर नेते."

तिनं डोळे मिटले, बोट वर केलं. मी आवाज सुरू केला. पडद्यावर हिरवी रेघ थरथरायला लागली, आकडा चढायला लागला. ज्या आकड्यावर इंदूरला माझा हात वर गेला होता, तिथवर मी श्वास धरून होते. वंदीचं बोट वर. आकडा तिथून पुढे गेला. बोट वर. मी आणखी पुढे नेला. तिचं बोट जरासुद्धा हललं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मामांना जिथे सोसलं नव्हतं, तिथे आम्ही पोचलो असू. मला कसलाच आवाज येत नव्हता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझी बहीण ऐकत होती. इंदूर, खरे, तिचं पूर्ण नाव छापलेली सीडी, सगळं मला त्या एका बोटावर दिसत होतं. आकडा नीट वाचावा म्हणून मी डोळे पुसले आणि आवाज थांबवला. हिरवी रेघ सरळ झाली.

बोट वरच होतं.

मी थांबले. तिला कळायला वेळ लागत असेल, असं वाटलं. खाली गल्लीतून नमाजाहून परतणाऱ्यांच्या सावल्या जायला लागल्या होत्या. वंदीनं डोळे घट्ट मिटले होते, कपाळावर आठी होती, आणि ओठांवर मला दाखवायला आणलेलं हसू होतं.

"येऊ राहिलं ताई," ती म्हणाली. "थांबू नको. अजून वर ने."